दोन गाठींच्या मध्ये

नारळ वैजाबायच्या मांडीवर होता. लंडनजवळच्या स्लाऊहून निघाल्यापासून तीन तास तिने तो खाली ठेवला नव्हता, आणि ठेवणारही नव्हती. मागच्या सीटवर जागा मोकळी होती, डिकी अर्धी रिकामी होती. पण देवाला द्यायची वस्तू डिकीत जादाच्या चाकाशेजारी ठेवावी हे तिच्या लेकाला सुचू शकत होतं, तिला नाही.

"आई, पाय अवघडले असतील तुझे," मिलिंद म्हणाला.

"पाय माझे आहेत. तू रस्ता बघ. मगाशी एकाच राउंडअबाउटला दोनदा फिरलास, नारळालासुद्धा घेरी आली."

मिलिंदने रस्ता बघितला. चाळिशी ओलांडलेला, कंपनीत वीस माणसं हाताखाली असलेला माणूस, पण आईशेजारी गाडी चालवताना अजून शिकाऊ पाटी लावल्यासारखा बसायचा.

नारळही साधासुधा नव्हता. सोनेरी कागदात गुंडाळलेला, वर कुंकवाची पाच बोटं, आणि भोवती कापडी झेंडूची दुहेरी माळ. माळ तिने स्वतः ओवलेली, तीही सुताच्या दोऱ्यात नाही. मासे धरायच्या सामानाच्या दुकानातून ती दरवर्षी नायलॉनचा धागा आणायची. सुताचा दोरा म्हणजे पाहुण्याची माया, दोन दिवसांत ढिली. "माझी माळ तुटत नाही," असं ती आल्यागेल्याला ऐकवायची, आणि ते खरंच होतं.

वैजाबायचं पाळण्यातलं नाव वैजयंती. शाळा चौथीपर्यंत, तीही मासळी कमी आली त्या दिवसांपुरती. हर्णैच्या कोळ्याची लेक, लग्न होऊन नवऱ्यामागे स्लाऊला आली, तीस वर्षं बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला उभी राहिली, नवऱ्याला पोचवलं, लेकाला शिकवलं, सून डॉक्टर आणली. इंग्रजी तिला कारखान्यात लागायचं तेवढंच यायचं, म्हणजे भांडायला भरपूर.

हर्णैला तिचा धाकटा भाऊ नंदू अजून समुद्रावर जातो. अडुसष्ट वर्षांचा झाला, पण होडीवर चढताना कोणाचा हात धरत नाही. राखी ती महिनाभर आधी पोस्टाने पाठवते, पण खरी राखी ती नव्हेच. खरी राखी हा नारळ. नारळी पौर्णिमेला तिकडे सगळे कोळी समुद्राला नारळ देतात आणि मग होड्या काढतात. नंदू मात्र बहिणीचा फोन येईपर्यंत होडी काढत नाही. "समुद्र एकच आहे, बाय," तो म्हणतो. "सतरंजी झटकायला दोन टोकांना दोन माणसं लागतात. इकडनं मी, तिकडनं तू."

लॉकडाऊनच्या वर्षी समुद्रापर्यंत जाताच आलं नाही. तिने नारळ विंडसरला थेम्समध्ये सोडला, आणि तिच्या डोळ्यांदेखत एका हंसाने त्याला चोच मारली. नंदूला ते पटलं नाही. नदीला दिलेला नारळ समुद्राला पोचला कशावरून? चार दिवस सगळं बंदर समुद्रावर आणि नंदूची होडी वाळूत. तेव्हापासून वैजाबायने ठरवलं होतं, जीव गेला तरी चालेल, नारळ चुकायचा नाही.

एरवी ते साउथएंडच्या किनाऱ्याला जायचे. या वर्षी नातीने बोलावलं होतं. उर्वी नॉरिचला युनिव्हर्सिटीत शिकत होती आणि शनिवार-रविवार नॉरफोकच्या किनाऱ्यावर, हॉर्सी नावाच्या गावाजवळ, सील नावाचे समुद्री प्राणी राखायला जायची. फुकट. "राखायला म्हणजे? गुरं आहेत का ती?" वैजाबायने विचारलं होतं. "ये ना आजी, दाखवते," उर्वी म्हणाली होती. "समुद्रपण मोठी आहे इथली."

कार पार्कमध्ये उर्वी उभीच होती, नारिंगी जॅकेट घालून, गळ्यात दुर्बीण. आजीला मिठी मारताना मध्ये नारळ आला. उर्वीने तो बघितला आणि तिचा चेहरा उतरला.

"आजी, हे सगळं पाण्यात नाही टाकायचं हं."

"टाकतंय कोण? द्यायचा आहे."

"द्यायचा पण नाही. फॉइल आहे, फुलं पॉलिएस्टरची आहे, आणि हा थ्रेड... हा सील बीच आहे, आजी. इथे काहीच सोडायला अलाउड नाही."

वैजाबायने एकदा लेकाकडे बघितलं. लेकाने हातातल्या किल्लीकडे बघितलं.

"आणि हे तू मला आता सांगतेस? फोनवर तोंडात गुळणी धरली होतीस?"

"फोनवर सांगितली असती तर तू आलीच नसती."

"हा समुद्र तुझ्या कौन्सिलच्या जन्माआधीपासून इथे आहे, उर्वी."

"सीलपण, आजी."

उत्तर झोंबलं. पण झोंबता झोंबता ते कोणाच्या वळणाचं आहे हेही वैजाबायला कळलं, आणि तिने ओठ घट्ट मिटले. बाईने आपल्याच आवाजाशी किती भांडावं?

"ठीक," ती म्हणाली. "तसंही उतरत्या पाण्याला मी काही देत नाही. माझ्या बापाचा नियम आहे. भरती लागू दे, मग बघते कोण अडवतं. चारच्या आत पाणी फिरतंय."

उर्वीने फोनवर भरतीचं टेबल काढलं. "तीन बावन्न," ती हळूच म्हणाली.

"मग? मी काय वेगळं सांगितलं?"

वाळूच्या टेकड्यांवरून दोरी लावून वाट आखली होती. साडी, वरून अनोरॅकचं पावसाळी जाकीट, पायात ट्रेनर बूट, हातात नारळ, अशी वैजाबाय पुढे आणि बाकीचे मागे. वर पोचल्यावर तिने आधी पाणी बघितलं. घरात शिरल्यावर माणसाने आधी घरातल्या म्हाताऱ्याला भेटावं, तसं. पाणी चहाच्या रंगाचं, भारी, शिस्तीत मागे चाललेलं. मग तिची नजर वाळूवर आली. कोणीतरी भिजलेली पोती ओळीने पसरून ठेवली होती.

मग एका पोत्याने जांभई दिली.

"अगो बाय!" वैजाबाय म्हणाली.

शंभरेक तरी असतील. ओले ते काळे कुळकुळीत, सुकलेले ते राखाडी, कोणाच्या अंगावर शाई सांडल्यासारखे ठिपके. काही केळ्यासारखे, डोकं आणि शेपटी दोन्ही वर करून पडलेले. एवढा मोठा किनारा मोकळा, पण सगळे एकमेकांना खेटून, आणि खेटल्याबद्दल एकमेकांवर खेकसत. एक जाडी शेजारणीच्या अंगावर सरकली, तशी शेजारणीने वल्ह्यासारखा हात उचलून तिला फटाफट दोन दिल्या आणि पुन्हा डोळे मिटले.

वाऱ्याबरोबर वास आला. वैजाबाय जागीच थांबली. ओल्या जाळ्याचा, सुकत घातलेल्या बोंबलाचा, होडीच्या तळातल्या पाण्याचा वास. या देशात मासेसुद्धा बिनवासाचे विकतात. पंचेचाळीस वर्षांत हा वास तिला कुठे भेटला नव्हता. तिने भरून श्वास घेतला. मिलिंदने नाकाला रुमाल लावला.

"लाव, लाव," ती म्हणाली. "ह्याच वासावर तुझ्या आईचं हाड पोसलंय."

तेवढ्यात कोणीतरी रडायला लागलं. लांब, चढत जाणारा, लग्नघरात मांडवामागे मावशी रडते तसा आवाज. मग दुसरीने उचलून धरला, मग तिसरीने.

"रडतायत का गं ह्या?"

"नाही आजी, बोलतात."

"मग आपल्याच गोतावळ्यातल्या दिसतात."

पाण्यात पाच-सहा डोकी उभी होती, नुसती मानेपर्यंत, कुत्र्यासारखं तोंड आणि माणसासारखे डोळे. सगळी वैजाबायकडे बघत होती. ती वाटेवरून डावीकडे चालली, तशी तीही डावीकडे सरकली. ती थांबली, तशी थांबली.

"काय गं?" वैजाबायने वरून विचारलं. "कधी साडी बघितली नाही का?"

"क्युरियस असतात त्या."

"भोचक आहेत म्हण." पण ती खूश झाली होती. वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी कोणी वळून बघितलं तर वाईट काय!

घोळक्यापासून लांब, पाण्याच्या काठाला एक एकटीच पडली होती. अंगाने लहान. वैजाबायच्या डोळ्याला ते लगेच खुपलं. "ती तिकडे का? वाळीत टाकलीय का तिला?"

उर्वीने गळ्यातली दुर्बीण काढून दिली.

गळ्याभोवती हिरवं काहीतरी होतं. कातडीत रुतलेलं, दोन्ही बाजूंनी मांस वर आलेलं, आणि मानेमागून त्याचं वीतभर शेपूट लोंबत होतं.

"तीन आठवडे झाला," उर्वी म्हणाली. आता तिचं मराठी आणखी अडखळायला लागलं. "दोनदा ट्राय केलं पकडायला. दोन्ही वेळा ती पाण्यात पळाली. ती लहान आहे ना, आजी, अजून वाढते. आणि दोरी वाढत नाही."

वैजाबायने दुर्बीण खाली घेतली नाही. "दोरी नाही ती. जाळं आहे. ट्रॉलरच्या जाळ्याचा फाटका तुकडा."

"इथून कसं कळलं?"

"जिने जन्मभर भाकऱ्या थापल्या तिला करपलेली भाकरी दारातून कळते."

पुढचं ती बोलली नाही. लहानपणी तिच्या घरात जाळी सुताची होती. वर्षाला कुजायची, वर्षाला नवी विणायची, बोटं सोलून निघायची. मग नायलॉन आलं. बाप म्हणाला होता, पोरी, आता जाळं आपल्यामागेही राहील. घरात कोण आनंद झाला होता! फाटलेला तुकडा विळीने कापायचा आणि होडीच्या कडेवरून टाकून द्यायचा. तिने किती टाकले असतील? शेकड्याने. टाकताना कोणी मागे वळून बघत नाही.

अनोरॅकच्या खिशात फोन वाजला. नंदू.

"बाय, दिला का?"

"ओहोटी आहे अजून. तुला काय वाटलं, मी भरती खिशात घेऊन फिरते?"

"तसं नाही. इथे दिवेलागण झाली. पोरं विचारतायत, पहाटे निघायचं की नाही. सगळ्यांनी पाण्यात ढकलल्या, आपलीच वाळूत आहे."

"पोरांना सांग, बाय अजून जिवंत आहे. फोन येईल."

फोन ठेवून तिने नारळ पोटाशी धरला. एका बाजूला ही नात, दुसऱ्या बाजूला तो भाऊ, आणि मध्ये सोनेरी कागदातला हा गोळा. भरती लागायला सव्वा तास होता.

टेकडीवर आणखी तीन माणसं येऊन बसली. पुढे एक ठेंगणी, पांढरे केस बारीक कापलेली बाई. ती पॉलीन. चाळीस वर्षं याच भागात टपाल वाटलं आणि आता सील सोडवते, असं उर्वीने सांगितलं. त्यांच्याकडे दांड्यांना लावलेलं जाडजूड जाळं होतं, लांब हातमोजे होते, आणि बोथट टोकाच्या कातऱ्या. पॉलीनने वैजाबायला अदबीने सांगितलं की बाई, तुम्ही इथेच थांबायचं, खाली यायचं नाही, सील चावली तर बोट राहत नाही.

"मी थांबेन," वैजाबाय आपल्या इंग्रजीत म्हणाली. "तुम्ही पण थांबा. घाई नको. आज पौर्णिमा, पाणी खूप लांब जाणार. ती झोपली आहे आणि पाणी तिला सोडून चाललंय."

पॉलीनने तिच्याकडे नीट बघितलं. मग ती हसली. म्हणाली, माझाही अगदी हाच बेत आहे. मागच्या दोन वेळा लहान ओहोटी होती, तिथेच फसलो.

मग दोघी शेजारी बसून राहिल्या. वैजाबायने डबा उघडून तिला नारळीभात दिला. पॉलीनने तो गोड आहे हे कळल्यावर भुवया वर केल्या आणि दुसऱ्यांदा मागून घेतला. तेवढ्यावर वैजाबायने तिला माणसात धरलं.

पाणी मागे गेलं. दहा पावलं, वीस, पन्नास. ती लहानगी ओल्या वाळूवर तशीच पडून, नाकपुड्या तेवढ्या उघडमीट करत. सव्वातीनला पॉलीन उठली. चौघं, उर्वी धरून, लांबचा वळसा घेऊन वाऱ्याच्या खालच्या अंगाने पाण्याच्या काठाला गेली आणि तिथून वाकून, मग रांगत, समुद्राकडूनच तिच्यावर चालून आली. घोळक्यातल्या चार-पाच डोक्यांनी मान वर केली. वैजाबायने नारळाला नखं रोवली होती.

ती लहानगी जागी झाली. वळली. पाण्याकडे झेप घेतली, आणि थेट जाळ्यात गेली.

पुढे नुसती वाळू उडाली. दोघं दांड्यांवर आडवे पडले, पॉलीन तिच्या पाठीवर पाय टाकून बसली, आणि तो आवाज... आता ते बोलणं नव्हतं, मावशी नव्हती, आता ते रडणंच होतं. एक मिनिट गेलं. दोन गेली. पॉलीनची कातरी आत शिरत नव्हती. दुर्बिणीतून वैजाबायला दिसत होतं, पॉलीन जाळ्याचं लोंबणारं शेपूट धरून त्याच्या मुळाशी कापायला बघत होती आणि दर वेळी कातरी सटकत होती.

"तिथे नाही गं बये," वैजाबाय पुटपुटली. "तिथे नाही!"

तिने एक पाऊल उतारावर टाकलं. मिलिंदने दंड धरला. तिने हात झटकला, पण ती खाली गेली नाही. शब्द दिला होता. "फोन लाव," ती म्हणाली. "उर्वीला. चित्र दिसतं तो, व्हिडिओचा!"

लावायची गरजच पडली नाही. तिच्याच खिशातला फोन वाजला. पडद्यावर वाळूने माखलेली उर्वी, मागे वारा.

"आजी! बघ ना, पॉलीनला कळत नाही कुठे कापायचं. जेवढं ओढतो तेवढं टाइट होतं."

"ओढू नका! ते शेपूट आधी सोडायला सांग. ती ओढीची बाजू आहे, ती धरली की फास आवळतो. मला मान दाखव. जवळून. हलवू नकोस फोन."

पडदा हिरव्या, लाल, ओल्या गोंधळाने भरला. मिलिंदने तोंड फिरवलं. वैजाबायने फोन नाकाशी धरला. नंदूच्या पोराला ती दर महिन्याला फोनवरूनच जाळ्याची वीण दाखवायची. हे काम तिला नवं नव्हतं. तिची बोटं हवेत आपोआप हलायला लागली, गाठीवरून गाठीकडे, जसं कोणी जपमाळ ओढावी.

"कानाच्या मागे ये. अजून वर. थांब! तिथे दोन गाठी जवळजवळ आल्यात, दिसल्या?"

"कान कुठे आहे हिचा?"

"भोक आहे बघ बारीक, डोळ्याच्या मागे. त्याच्या वर. दोन गाठी."

"हो, हो! टू नॉट्स!"

"त्या दोघींच्या मधला धागा सैल आहे. तो कापायचा. गाठ नाही, गाठ सुटायची नाही. सुटू नये म्हणूनच मारलेली असते. मधला काप. कातरी केसांच्या उताराने घाल, डोक्याकडून शेपटीकडे."

उर्वी इंग्रजीत काहीतरी भराभर बोलली. पॉलीनचा हातमोजा पडद्यावर आला, कातरीचं बोथट टोक त्या दोन गाठींच्या मध्ये सरकलं, आणि इतका वेळ ज्याची वाट बघत होते तो बारीकसा आवाज झाला. कट. मग आणखी एक. मग हिरवं जाळं कातडीतून एखाद्या जुन्या खपलीसारखं उचकटत आलं. फोन वाळूत पडला आणि वैजाबायला नुसतं आकाश दिसलं.

तिने मान वर केली. चौघं बाजूला पळत होती आणि ती लहानगी पोटावर उसळ्या घेत पाण्याकडे निघाली होती. काठाला पोचली, एक लाट अंगावर घेतली आणि दिसेनाशी झाली. बरंच लांब डोकं वर आलं, जोरात शिंकलं, आणि पुन्हा खाली गेलं.

"आई," मिलिंद म्हणाला, "तू रडतेयस?"

"वारा आहे. तुला दिसत नाही का वारा?"

उर्वी धावत वर आली ती आजीच्या गळ्यातच पडली. अंगाला तोच तो वास. पॉलीन मागून आली. तिने सांगितलं की जखम दिसते तेवढी खोल नाही, खारं पाणीच तिला बरं करील. मग तिने वैजाबायचा हात दोन्ही हातांत धरून हलवला आणि विचारलं की पुढच्या वेळीही फोन केला तर चालेल का. "दिवसा करा," वैजाबाय म्हणाली. "आणि बोलायच्या आधी चित्र दाखवा. तोंडाने सांगितलेली गाठ कोणाला कळत नाही."

उर्वीच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती, त्यात तो हिरवा तुकडा. वैजाबायने तो बाहेर काढून बोटांत फिरवला. चांगलं विणलेलं होतं. खरंच चांगलं. कुठल्यातरी बंदरातल्या कोणाला तरी त्याचा अभिमान असणार. तुटत नाही, म्हणत असणार.

तिचा दुसरा हात नारळावर होता. कापडी झेंडूच्या पाकळ्यांखाली अंगठ्याला धागा लागला. तिने तो सहज ओढून बघितला. तुटला नाही. कसा तुटेल? आणखी जोराने ओढला. बोटाला वळ उठला, धागा तसाच. चाळीसहून जास्त माळा तिने साउथएंडच्या पाण्यात सोडल्या होत्या. प्रत्येक वर्षी, हात जोडून.

पोर हुशार होती. नारळाकडे बघतसुद्धा नव्हती.

"कातरी दे," वैजाबाय म्हणाली.

उर्वीने दिली. वैजाबायने दोन गाठींच्या मधला धागा शोधला आणि कापला. फुलं मांडीवर पडली. मग तिने सोनेरी कागद सोलला, एकही तुकडा न सांडता, आणि सगळं त्या हिरव्या जाळ्यासोबत पिशवीत भरलं.

"आई?" मिलिंदचे डोळे मोठे झाले. "अगं, हे काय?"

"काय म्हणजे? उकडत होतं त्याला."

पावणेचारला ते टेकडीच्या पलीकडच्या उताराला गेले, जिथे माणसांना पाण्यापर्यंत जायला मोकळीक होती आणि सील नव्हते. तिथल्या काँक्रीटच्या कठड्यावर वैजाबायने नारळ आपटला. एकाच घावात दोन भकलं. पाणी तिने घरून आणलेला तांब्या खाली धरून स्वतःच पकडलं. मिलिंदला तांब्या धरायला दिला असता तर निम्मं वाळूत गेलं असतं. मग साडीचा काठ वर खोचून ती पाण्यात शिरली. उर्वी शेजारी. लाटा अजून मागेच ओढत होत्या. वैजाबाय थांबली. एक लाट आली आणि मागच्या लाटेच्या खुणेपाशी थांबली. पुढची आली ती खूण ओलांडून तिच्या घोट्याला लागली.

"फिरलं," ती म्हणाली.

तिने तांब्या वाकडा केला. नारळाचं पाणी समुद्राच्या पाण्यात गेलं आणि कुठे गेलं ते कळलंसुद्धा नाही.

"शांत हो, बाबा," ती म्हणाली. "माझ्या भावाला सांभाळ. आणि ह्या दोन पोरींना पण."

"दोन कोण?" उर्वीने विचारलं.

"एक तू. एक ती शिंकणारी."

वर येऊन तिने खोबरं कापलं, सगळ्यांना वाटलं, पॉलीनला मोठा तुकडा दिला, आणि मगच फोन लावला. पहिल्याच घंटेला नंदूने उचलला. फोन हातातच धरून बसला असणार.

"बाय! दिला?"

"दिला."

"सोन्याचा?"

शिव्या तिने नंदूला आयुष्यभर दिल्या होत्या, थाप एकदाही मारली नव्हती.

"पाणी दिलं," ती म्हणाली. "खोबरं माणसांनी खाल्लं. कागद आणि माळ घरी नेतेय."

तिकडून अगदी हळू आलं: "बाय... म्हणजे नारळ नाही दिला? मग होडी कशी..."

"नंदू, समुद्र करवंटी आणि चमकी घेऊन काय दुकान टाकणार आहे? नारळात असतं ते पाणी. ते दिलं. भरतीच्या पहिल्या लाटेला दिलं, माझ्या हाताने, घोटाभर पाण्यात उभी राहून. ह्याहून खरा नारळ मी ह्या देशात आजवर दिलेला नाही. होडी उद्या पहाटे निघेल. मी सांगतेय."

"बरं," नंदू म्हणाला, पण तो अजून बरा झाला नव्हता, हे तिला कळलं.

"आणि ऐक. राखी बांधलीयस ना हाताला? मग ओवाळणी दे. फाटलेलं जाळं आतच ठेवायचं. वीतभर तुकडासुद्धा कडेवरून टाकायचा नाही. पोत्यात भर आणि किनाऱ्यावर आण. पोरांनाही सांग. दिवाळीला येतेय मी, आल्यावर आधी ते पोतं बघणार, मग तुझ्या घरात पाय ठेवणार."

"अगो, पण आपण तर नेहमीच टाकतो. बाबा पण..."

"आपण नेहमीच," वैजाबाय म्हणाली. "म्हणूनच सांगतेय."

नंदूच्या मागे समुद्र ऐकू येत होता, आणि तिच्यापुढे समुद्र होता, आणि दोन्हीकडचा आवाज एकच होता.

"काय झालं गो बाय तिथे?" त्याने विचारलं.

"लांबची गोष्ट आहे. होडी परत आली की सांगते."

"मग चारला काढतो," नंदू म्हणाला, आणि आता तो बरा झाला होता. मागे वळून त्याने पोरांना हाक मारली. पोरांचा ओरडा फोनमधून इतका मोठा आला की पॉलीनसुद्धा हसली.

वैजाबायने फोन खिशात टाकला. उर्वी खोबऱ्याचा तुकडा हातात धरून तिच्याकडे बघत होती.

"आजी, 'आपण नेहमीच' म्हणजे काय?"

वैजाबायने पिशवीला गाठ मारली, ओढून बघितली. पक्की होती. तिने पिशवी नारळाच्या जागी, काखेत धरली.

"गाडीत सांगते," ती म्हणाली. "तुझ्या बापाला राउंडअबाउट चुकवायला तीन तास लागतात, तेवढ्यात होईल सांगून. आधी खोबरं खा."